लाल मातीबाहेर ठेवलेले बूट

पाहुणा येणार हे ठरलं, तेव्हा सुनंदाने सगळ्यात आधी दाराजवळचं चपलांचं कपाट आवरलं. वरचा एक कप्पा तिने गेलं वर्षभर रिकामा ठेवला आहे. तो तिने ओल्या फडक्याने पुसला आणि पुन्हा रिकामाच ठेवला. पाहुण्याच्या बुटांसाठी तिने खालच्या कप्प्यातल्या माझ्या चपला बाहेर काढल्या.

नाशिकहून कळवणला जाऊन येणं याला कुणी प्रवास म्हणणार नाही. त्या भागातले शेतकरी सकाळी कांदा घेऊन निघतात आणि संध्याकाळी घरी जेवायला असतात. मी एका महाविद्यालयाचा ग्रंथपाल होतो. हिमालयाची, युरोपची, नर्मदेच्या काठाची वर्णनं आयुष्यभर इतरांच्या हातात देत आलो, स्वतः फारसा कुठे गेलो नाही. चैत्रातल्या या चार दिवसांबद्दल मात्र लिहून ठेवावंसं वाटतं. हळूहळू लिहितो आहे.

ओझर

आमच्या मुलाला, अमेयला, परदेशी जाताना सोडायला आम्ही मुंबईच्या विमानतळावर गेलो होतो आणि आणायलाही तिथेच. आणायला गेलो तेव्हा प्रवाशांच्या दाराशी नाही, मालाच्या दाराशी उभं राहावं लागलं. म्हणून डॅनियल दिल्लीहून थेट नाशिकजवळच्या ओझरला उतरणार असं कळल्यावर मला हायसं वाटलं. ओझरच्या विमानतळाशी आमची काहीच आठवण नव्हती. विमानांच्या कारखान्याची लांबलचक भिंत, पाळी संपवून निघालेल्या कामगारांच्या मोटारसायकली, कडुनिंबाला आलेला मोहोर. एवढंच.

डॅनियल म्हणजे अमेयचा तिकडचा खोलीतला जोडीदार. अमेय संख्याशास्त्र शिकायला गेला आणि वसतिगृहाने त्याला एका पैलवानाच्या खोलीत टाकलं. दर रविवारच्या फोनमध्ये अर्धा वेळ त्याच्याच गोष्टी असायच्या. ‘बाबा, हा माणूस वजन उतरवायला दोन दिवस पाणी पीत नाही. खोलीत नुसता थुंकत बसतो.’ ‘बाबा, आज जिंकला. मी आख्खी कुस्ती फोनवर घेतली आहे.’ कुस्तीतलं मला काही कळत नसे, पण मुलगा कुणाबद्दल तरी इतक्या आनंदाने बोलतो आहे हे ऐकायला बरं वाटायचं.

मागच्या वर्षी थंडीत ते दोघे दुसऱ्या एका कॉलेजातल्या स्पर्धेहून परत येत होते. दुपारची वेळ, रस्त्यावर बर्फ. कुस्तीनंतर डॅनियल नेहमी थकून झोपायचा, म्हणून गाडी नेहमी अमेय चालवायचा. त्या दिवशीही तोच चालवत होता. गाडी घसरून समोरच्या ट्रकवर गेली. अमेय तिथेच गेला. डॅनियलची मान मोडली. शस्त्रक्रिया होऊन तो हिंडू-फिरू लागला, पण डॉक्टरांनी सांगितलं की कुस्ती संपली, आता कधीही नाही.

म्हणजे माझ्या मुलाच्या हातून त्याची कुस्ती गेली. हे त्याने कधी लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. दारातून येणाऱ्या माणसांकडे बघत उभा होतो तेव्हा मात्र हेच मनात होतं.

तो दिसला. मला वाटलं होतं त्याहून बुटका, खांदे दारात मावणार नाहीत असे, आणि दोन्ही कान चुरगळून पुन्हा उलगडलेल्या कागदासारखे. त्याने मला शोधलं ते मान न वळवता. आधी खांदे वळले, मग सगळं शरीर. जवळ येऊन त्याने हात जोडले आणि म्हणाला, “काका, काय चाललंय?”

आमचं पुढचं सगळं बोलणं इंग्रजीतच झालं, इथे मराठीत देतो आहे. पण हे तीन शब्द त्याचेच. शेवटचा शब्द किंचित लांबवून, थोडा नाकात. अमेय तसाच म्हणायचा. मी त्याची पिशवी घ्यायला खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

नाशिकात शिरताना द्वारकेच्या चौकात आम्ही नेहमीसारखे अडकलो. ट्रक, रिक्षा, बस, सगळ्यांची तोंडं चार दिशांना. तो अंग वळवून वळवून बघत होता.

“इथे आधी कोणी जायचं हे कसं ठरतं?”

“ठरत नाही,” मी म्हणालो.

“अमेय म्हणायचा, द्वारका ओलांडता आली की जगात कुठेही गाडी चालवता येते.”

मी गाडी पुढे काढली.

घर आणि नदी

सुनंदाने पुरण घातलं होतं. तो सावकाश, मन लावून जेवला. ती वाढत राहिली, तो नको म्हणेना. मी वजन उतरवण्याची गोष्ट तिला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे निर्जळी एकादशीच की.”

“हो, पण दर आठवड्याला,” तो म्हणाला. “आणि आता काहीच नाही. आता कितीही खाल्लं तरी चालतं. डॉक्टरांनी हे आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगितलं.”

हात धुऊन झाल्यावर सुनंदा पदराला हात पुसत उभीच राहिली. मला माहीत होतं ती काय विचारणार. वर्षभर ती या एका माणसाची वाट बघत होती. गाडीत दोघंच होते, त्यातला एक समोर उभा होता.

“त्याला विचारा, अमेय शेवटी काही बोलला का.”

मी विचारलं. डॅनियल ताटाकडे बघत राहिला.

“मला आठवत नाही, काकू. त्या दिवशी सकाळी वजनाच्या काट्यावर उभा राहिलो तिथपर्यंत आठवतं. त्यानंतरचं काहीच नाही. मी शेवटची कुस्ती जिंकलो असं सांगतात. तीही आठवत नाही. अमेयने फोनवर घेतली होती, तो फोन राहिला नाही.” मग म्हणाला, “मी फार प्रयत्न केला. तुमच्यासाठीसुद्धा.”

मी मराठीत सांगितलं. सुनंदाने मान डोलावली, पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही.

मग त्याने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली. कुस्तीचे बूट होते. पातळ तळव्याचे, मऊ, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, कडेला झिजलेले. त्याने सांगितलं, तिकडे कुस्ती सोडणारा मल्ल शेवटच्या लढतीनंतर गादीच्या मधोमध बसतो, बूट काढतो, तिथेच ठेवतो आणि अनवाणी निघून जातो. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. मग सगळ्यांना कळतं की हा माणूस संपला. त्याच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ तोच होता, ‘संपला’.

“मला माझी शेवटची कुस्ती शेवटची आहे हे माहीत नव्हतं. बूट इस्पितळात कुणीतरी कात्रीने नाड्या कापून काढले. अमेय नेहमी सांगायचा की त्याच्या मामाच्या गावी चैत्रात जत्रा असते, मातीत कुस्त्या होतात. मला घेऊन येणार होता. मला तिथे एकदा लढायचं आहे, काका. एक खरी कुस्ती. मग मी बूट ठेवीन.”

“आणि मान?”

“मान माझी आहे,” तो म्हणाला.

तो झोपायला गेल्यावर सुनंदा म्हणाली, “त्याच्याही आईला दुसरा नाहीये. तुम्ही काय करायचं ते करा, पण ह्या पोराला मातीत उतरू देऊ नका.”

दुसऱ्या दिवशी त्याला गोदावरीवर नेलं. त्याला नदी दाखवावी असं काही मनात नव्हतं, त्यानेच विचारलं, अमेयचं सगळं कुठे केलं. मी घाटाची ती पायरी दाखवली. पाणी हिरवट, माणसांची गर्दी, पिंडांवर कावळ्यांपेक्षा कबुतरंच जास्त. बाराव्या दिवशी आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं की छत्री आणि वहाणा दान द्यायच्या, नव्या, त्याच्या मापाच्या. ‘पुढची वाट तापलेली असते. इतक्या लांबच्या वाटेला अनवाणी कसा जाईल तो?’ गुरुजी अतिशय साधेपणाने बोलले होते, शेजाऱ्याच्या मुलाच्या सहलीबद्दल बोलावं तसं. मी मेन रोडवरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, नंबर? तेव्हा लक्षात आलं की अमेय जाताना जेवढा होता तेवढाच राहिला असेल असं मी धरून चाललो आहे. मी अंदाजाने आठ सांगितलं.

हे मी डॅनियलला सांगितलं.

“नऊ,” तो म्हणाला. “माझाही नऊ. बर्फात माझे बूट घालून जायचा.”

तिकडचा नऊ म्हणजे इकडचा आठ, असं नंतर कुणीतरी म्हणालं. मी खात्री करून घेतली नाही.

वणीचा रस्ता

आम्ही दोघंच निघालो, सुनंदा घरीच राहिली. दिंडोरी सोडली की द्राक्षाच्या बागा लागतात. चैत्रात त्या छाटलेल्या असतात, तारांवर नुसती काळी लाकडं. वणीनंतर डोंगर जवळ येतात आणि नांदुरीपाशी सप्तशृंगीचा कडा एकदम अंगावर आल्यासारखा उभा राहतो. डॅनियलला वर बघता येईना. मी गाडी थांबवली. तो खाली उतरला, रस्त्याकडेला पाठीवर आडवा झाला आणि तसा पडून त्याने तो डोंगर पाहिला. दोन बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन चालल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, “चक्कर आली वाटतं गोऱ्याला.”

पुन्हा गाडीत बसल्यावर तो स्वतःहून बोलू लागला. त्याचं गाव मक्याच्या शेतांतलं. वडील शेतीची यंत्रं दुरुस्त करतात, त्यांनी गोठ्यात जुनी गादी अंथरून मुलाला पाचव्या वर्षी कुस्तीला लावलं. शाळेत पदकं मिळाली, कुस्तीच्या जोरावर कॉलेज मिळालं. तिकडे कुस्त्या दोन तऱ्हेच्या. हिवाळ्यात कॉलेजची, उन्हाळ्यात फ्रीस्टाइल, जी सगळं जग खेळतं. कॉलेजच्या कुस्तीत खाली सापडलेला मल्ल निसटला की त्याला गुण मिळतो. डॅनियलचा त्यात हातखंडा होता. खाली दाबला गेला की खांद्यावरून पाठीवर लोळण घेऊन तो वरच्याच्या मागे निघायचा. लोक ती लोळण बघायला यायचे. पण फ्रीस्टाइलमध्ये पाठ गादीकडे वळली की गुण समोरच्याला.

“म्हणजे हिवाळ्यात जिच्यासाठी टाळ्या, उन्हाळ्यात तिच्यासाठीच शिव्या,” तो म्हणाला. “दर उन्हाळ्यात मी ती विसरायला शिकायचो आणि दर हिवाळ्यात पुन्हा आठवायला. देशाच्या संघासाठी निवड होती, तिथे शेवटच्या कुस्तीत पुढे होतो. खाली सापडलो आणि शरीराने आपोआप लोळण घेतली. तिथेच गेलं. मग अमेयने माझ्या सगळ्या कुस्त्या बघून आकडे काढले. कोणत्या पकडीत मी लोळतो, किती वेळानं. त्यावर आम्ही वर्षभर काम केलं. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मला शरीर ऐकायला लागलं होतं. प्रशिक्षक म्हणाले होते, या उन्हाळ्यात तू जाशील.”

तो उन्हाळा आला तेव्हा तो गळ्यात लोखंडी चौकट घालून अंथरुणावर होता.

“अमेय म्हणायचा, मामाच्या गावचा नियम सगळ्यात सोपा आहे,” तो म्हणाला. “गुण नाहीत. पाठ लागली की संपलं.”

मामाचं गाव

कळवण ओलांडून आत गेलं की सुनंदाचं माहेर. कांद्याच्या चाळी भरत होत्या, सगळ्या हवेला कांद्याचा वास. सुनंदाचे भाऊ भास्करराव दारातच उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “दाजी, लय बारीक झालात.” मग डॅनियलकडे वळून त्यांनी त्याला एकदम मिठीच मारली. भाच्याचा मित्र, एवढं त्यांना पुरेसं होतं.

जेवायला उडदाची आमटी, बाजरीची भाकरी आणि ठेचा. डॅनियलने ठेच्याचा एक मोठा घास घेतला आणि नाकातोंडातून पाणी येईपर्यंत गप्प बसला. भास्करराव गूळ आणायला धावले. “पैलवान हायेस ना? मिरचीनं चितपट केलं की तुला!” हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो रडता रडता हसला, आणि माझ्या ध्यानात आलं की त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहतो आहे.

जेवण झाल्यावर त्याने आखाड्यात बूट ठेवता येतील का, असं विचारलं. मी भास्कररावांना त्याच्या देशातली रीत सांगितली. त्यांचा चेहराच बदलला. “मातीत जोडे? दाजी, लोक मारतील त्याला. त्या मातीच्या पाया पडून आत जातात. ताक, तेल, हळद घालून मळलेली माती हाय ती.”

“कुस्ती झाल्यावरसुद्धा नाही?” डॅनियलने विचारलं.

“कधीच नाही,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “मग बाहेर ठेवीन.”

“बाहेर ठेव, पण जपून,” भास्करराव म्हणाले. “जत्रेत चप्पल गेली की गेलीच. आता गेली तर चांगलंच म्हणा, चप्पल चोरीला गेली की पीडा जाते.”

हेही मी सांगितलं. “मग ते जावेत असंच म्हणू या,” डॅनियल म्हणाला.

संध्याकाळी भास्कररावांनी आम्हाला नथू वस्तादांकडे नेलं. कुस्त्यांच्या जोड्या लावण्याचं काम त्यांचं. ऐंशीच्या पुढचे, मारुतीच्या पारावर बसलेले. त्यांनी डॅनियलला काही विचारलं नाही. हात पुढे करून त्याचा कान चिमटीत धरला आणि चाचपला. मग त्याचा हात धरून स्वतःच्या कानाला लावला. तोही तसाच होता.

“खरा हाय,” वस्ताद म्हणाले. “काही दुखणंबिखणं?”

डॅनियल माझ्याकडे बघत होता. तीन दिवस मी त्याचं प्रत्येक वाक्य इकडे आणि इकडचं तिकडे करत होतो, त्याचा माझ्यावर पूर्ण भरवसा होता. मी मराठीत सांगितलं, “मान मोडली होती. आत लोखंड आहे. डॉक्टरांनी कुस्ती बंद केली आहे.”

वस्तादांनी डोळे बारीक केले. “तुम्ही काय सांगताय ते त्याला कळतंय का?”

“नाही.”

“मग नाय म्हणून टाकू?”

मी डॅनियलकडे पाहिलं. तो मांडीवर हात ठेवून, परीक्षेच्या निकालाला बसलेल्या मुलासारखा ताठ बसला होता. मला ना ‘हो’ म्हणता आलं, ना ‘नाही’.

वस्तादांनी उसासा टाकला. “पाव्हणं, लावतो मी जोड. थोडी खडाखडी करतील, मग बरोबरीत सोडवतो. हार घालू दोघांना. कुणाची पाठ लागायची नाय.” आणि पारामागे उभ्या असलेल्या आपल्या पुतण्याला हाक मारली, “सागऱ्या, उद्या ह्याच्यासंगं तू. मानेला हात लावायचा नाय.”

सागर ओझरच्या कारखान्यात कामाला, जत्रेपुरता गावी आलेला. “मग काय फुगडी खेळू का त्याच्यासंगं?”

“खेळ. पण मानेला हात लागला तर माझ्याशी गाठ हाय.”

“काय म्हणाले?” डॅनियलने विचारलं.

“उद्या तुझी कुस्ती आहे,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

आखाडा

उन्हं कलल्यावर हलगी सुरू झाली. नदीकाठच्या पटांगणात लाल मातीचा चौक, भोवती माणसांचं कडं, कडेच्या झाडांवरही माणसं. आत जाणाऱ्या वाटेशी चपलांचा ढीग. डॅनियल पायातलं गाडीतच काढून आला होता; त्याने टॉवेलाची गुंडाळी सोडली, आतले बूट काढून तिथे शेजारी शेजारी ठेवले, टोकं मातीकडे करून. मग वस्तादांनी दिलेला लंगोट नीट करत आत गेला, वाकून मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. अमेयने शिकवलं असणार. लोकांनी शिट्ट्या मारल्या. “अरे, गोरा भाजून निघंल उन्हात, सावलीत घ्या त्याला!”

सागर आणि तो समोरासमोर आले. सागरने हात धरला, सोडला. पुन्हा धरला. डॅनियल आत घुसला की सागर मागे सरकायचा. डॅनियल डोकं त्याच्या छातीला लावायचा, सागर दोन्ही हात हवेत उचलायचा.

“सागऱ्या, हात काय धरतो? लगीन लागलंय का?” कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मी डॅनियलचा चेहरा पाहिला. त्याला कळलं होतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगाचं वजन स्वतःच्या अंगावर तोललं, त्याला समोरचा माणूस वजन टाकत नाही हे कळायला कितीसा वेळ लागणार? तो क्षणभर थांबला. आणि मग त्याने जे केलं ते मला आधी समजलंच नाही. तो स्वतःच गुडघ्यांवर खाली बसला, सागरचे दोन्ही हात ओढून त्याने स्वतःच्या कमरेभोवती घेतले आणि सागरला पाठीवर घेतलं. ‘आता तरी दाब’ असं सांगत असावा. सागर गोंधळला. पण पैलवानच तो, सवयीने त्याचे हात आवळले गेले.

आणि डॅनियल लोळला.

खांद्यावरून, पाठीवरून, एका श्वासात. इतकं जड शरीर इतकं हलकं होताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून अमेयचं नाव निघालं, का ते मला माहीत नाही. तो पलीकडे निघाला, सागरच्या मागे गेला, पायांवर उभा राहिला, हात पुढे घेऊन, गुडघे वाकवून तयार. मानेला काही झालं नव्हतं. चेहऱ्यावर असा उजेड होता की ओझरला उतरलेला माणूस हाच का, असं वाटावं.

शिट्टी कधीच वाजली होती. पाठ मातीला लागली होती. पंचांनी सागरचा हात वर केला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो “अरे, नको, नको” म्हणत होता, पण हलगीत कुणाला ऐकू जाणार? वस्ताद कपाळाला हात लावून बसले. आणि डॅनियल मातीच्या मधोमध एकटा, हात पुढे घेऊन, पुढच्या पकडीची वाट बघत उभा होता.

त्याला सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. मी चपला काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आखाड्यात उतरलो. माती गार होती, ओलसर, पिठासारखी. त्याच्यापर्यंत पोचलो आणि इंग्रजी शब्दच सुचेना.

“संपलं,” मी म्हणालो.

त्याला तो शब्द येत होता. घरून आलेलं लोणचं संपलं की अमेय बरणी पालथी करून हाच शब्द म्हणायचा, हे त्याने नंतर सांगितलं. त्याचे हात हळूहळू खाली आले. त्याने स्वतःच्या खांद्यावर हात नेला, पाठीला लागलेली लाल माती बोटांवर घेतली आणि बघत राहिला.

पाण्याच्या टँकरखाली अंग धुताना त्याने विचारलं, “तुम्ही त्यांना सांगितलं होतंत. मानेचं.”

“हो.”

“तो मला काचेसारखा धरत होता.” तो रागावला असता तर बरं झालं असतं. “आधीची कुस्ती मला आठवत नाही, काका. ही आठवणार आहे. आणि ही कुस्तीच नव्हती.”

मी त्याच्या हातात टॉवेल दिला. माझ्या घरातल्या दोन माणसांनी त्याची कुस्ती संपवली होती, एकाने गाडी चालवून आणि एकाने तोंड उघडून.

आम्ही नदीकाठच्या दगडावर बसून राहिलो. शेवटची कुस्ती झाली, इनामं वाटली गेली, माणसं पांगली. चपलांचा ढीग कमी कमी होत गेला. मला वाटत होतं, बूट गेले असतील. जावेत असंच वाटत होतं. पण शेवटचा माणूस आपल्या चपला पायात सरकवून गेला आणि ते बूट तिथेच होते. ते पातळ तळवे काट्याकुट्यात चालायच्या उपयोगाचे नव्हते. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मोकळ्या पटांगणात शेजारी शेजारी, टोकं मातीकडे करून.

डॅनियल उभा राहिला. अंग वळवून त्यांच्याकडे पूर्ण तोंड केलं. मीही उभा राहिलो. टाळ्या वाजवाव्यात असं मनात आलं, पण दोन हातांच्या टाळ्या त्या एवढ्या मोठ्या मैदानात कशा वाटल्या असत्या? मी हात खाली ठेवले. तो वळला आणि अनवाणी चालू लागला. मी त्याच्या मागे.

गाडीपाशी पोचतो तोच मागून हाक आली. “ओ भाऊ! ओ, थांबा की!”

गोडी शेव आणि रेवडी विकणारी बाई होती. आपली पाटी तशीच टाकून, साडी वर खोचून, धावत आली होती. दम लागला होता. दोन्ही हातांत ते बूट, पदराने पुसत होती.

“राह्यले होते की! बरं माझी नजर गेली.” तिने ते माझ्या हातात दिले आणि डॅनियलच्या लाल मातीने भरलेल्या पायांकडे बघून म्हणाली, “किती लांब जायचं पोराला. अनवाणी कसा जाईल तो?”

मी बूट घेतले.  ती समाधानाने पाटीकडे परत गेली.

“काय म्हणाली?” डॅनियलने विचारलं.

पारावरचं बोलणं सोडलं, तर एवढे दिवस मी त्याला प्रत्येक वाक्य उलगडून सांगत आलो होतो. मी गाडीचं दार उघडून धरलं.

“बूट विसरलास, म्हणाली,” मी सांगितलं.